कॅरलनं यादीत नाव घातलं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आधीच सांगून ठेवतो — स्वतःचा संताप येतो म्हणून सांगतोय, मन हलकं व्हावं म्हणून नाही. कसलं हलकं, डोंबलाचं!

२००५ सालची गोष्ट. अमेरिकेत ॲन आर्बरला एम.एस. संपवून मी जवळच्याच एका बेअरिंगच्या कारखान्यात लागलो होतो. काम काय — बेअरिंग तपासणारं मशीन बनवायचं. तोवर ते काम कॅरल करायची. साठीला टेकलेली, सगळी नोकरी त्याच टेबलापाशी काढलेली बाई. बेअरिंग बोटात अडकवून गर्रकन फिरवायची, कानाशी धरायची आणि सांगायची — चांगलं की खराब. चुकायची नाही. मला तिचा तो कान कॉम्प्युटरमध्ये हवा होता. म्हणून मी माइक लावून तिच्याशेजारी बसायचो. ती सांगायची, मी नोंदवायचो. दिवसचे दिवस.

मी तिला मावशी म्हणायला लागलो. आपण नाही का म्हणत — भाजीवालीला, कामवालीला? जिभेला सवयच. पण तिनं अर्थ विचारला. मी सांगितला, आईची बहीण. झालं! बाई हरखलीच. अख्ख्या फ्लोअरवर सांगत सुटली. पहिला बर्फ पडला तेव्हा माझ्यासाठी जाड हातमोजे घेऊन आली. आपण हा शब्द किती सहज कुणालाही चिकटवतो, हे तिला काय ठाऊक?

मग एका सोमवारी नोटीस लागली. ज्यांना गोदामात बदली हवीय त्यांनी शुक्रवारपर्यंत यादीत नाव घालावं. तिची सर्व्हिस इतकी, की पहिला नंबर तिचाच लागला असता. तिनं मला सरळ विचारलं — तुझं मशीन आल्यावर माझं काम राहील का? की नाव घालू?

मला माहीत होतं. मॅनेजरनं मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं, मशीन चालू झालं की तपासणी विभाग बंद. "घाल" म्हणायला काय जात होतं माझं? एक शब्द! पण ती गोदामात गेली असती, आणि माझं मशीन अजून धडधडीत चुकत होतं. डेमो तोंडावर. व्हिसाचे कागद त्याच मॅनेजरकडे — नाही, ते राहू दे. व्हिसा पुढे करायचा नाही असं ठरवूनच बसलोय. मला वाहवा हवी होती. बस.

मी म्हणालो, "मावशी, तुझ्याशिवाय मशीन चालेल होय? थांब इथंच."

शुक्रवार गेला. तिनं नाव घातलं नाही. उलट जेवणाच्या सुट्टीतही बसून मला आवाज ओळखून दिले. डेमो झकास झाला. टाळ्या, केक. पेटंटच्या अर्जावर शोध लावणारा म्हणून एकच नाव — माझं. शोध! तिचा कान उचलून खोक्यात घातला, त्याला शोध म्हणतात? थू!

महिन्याभरात विभाग बंद. गोदामातल्या जागा केव्हाच भरल्या होत्या. शेवटच्या दिवशी ती माझ्या क्युबिकलपाशी आली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या, यार! तिनं खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस पोरा. त्यांनी तुलाही फसवलं."

मी म्हणालो, "हो."