मोरपंखी स्वेटरची डावी बाही

रझियाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होते. नातू आठ दिवसांचा, मुलगी अंथरुणावर, त्यामुळे लगेच निघताही येईना. फोन आपांच्या सुनेचा, शबानाचा होता. खरं सांगायची लाज वाटते, पण रडू यायच्या आधी माझ्या मनात आली ती एका स्वेटरची डावी बाही... मी बिघडवलेली.

उस्मानपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आपा शाळेत शिवण-विणकाम शिकवायच्या. निवृत्तीनंतर गल्लीतलं एकही बाळ त्यांच्या टोपड्यावाचून सुटलं नाही. स्वतःच्या अंगावर मात्र कायम मुलाचं जुनं जाकीट. स्वतःसाठी म्हणून विणायला घेतलेला स्वेटर निम्मा झाला की त्यांना कुणाची तरी आठवण व्हायची, आणि टाके कमी करून तो कन्नड गावच्या भाचीला नाहीतर तिच्या लेकराला जायचा. असे तीन गेले. चौथ्या वेळी मी चक्क भांडले. मग त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून मोरपंखी लोकर आणली. सत्तरी ओलांडलेली बाई आणि मोरपंखी... मला हसू आलं. आपा म्हणाल्या, "आजवर लोकांच्या आवडीचं विणलं. आता माझी आवड बघ की."

पाठ झाली, पुढचे भाग झाले, उजवी बाही झाली. मग छातीचं दुखणं आलं, हात थरथरू लागले आणि डाव्या बाहीचे टाके सुईवरून गळायला लागले. माझ्या गरोदर मुलीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, त्यामुळे मला पुण्याला जायचं होतं. थंडीच्या आत स्वेटर आपांच्या अंगावर चढलाच पाहिजे, या हट्टापायी ती बाही मी विणायला घेतली. माझा हात घट्ट, आपांचा सैल. टाके तेवढेच, सुया त्याच, तरी माझी बाही दोन बोटं अरुंद झाली. मला शहाणीला हे जोडताना कळलं. उसवायला वेळ नव्हता. तशीच शिवली आणि निघायच्या दिवशी स्वेटर नेऊन दिला. आपांनी दोन्ही बाह्यांवरून हात फिरवला.

"लई घट्ट विणतीस गं सुधा. सुयांशी भांडण हाय का तुझं?" एवढंच म्हणाल्या आणि घडी करून उशाशी ठेवला.

नंतर दर आठवड्याला फोन व्हायचे. मुलीची तब्येत, त्यांच्या गोळ्या, गल्लीतल्या बातम्या... स्वेटरचं विचारायचं धाडस मला झालं नाही. बाईनं जन्मात एकदा स्वतःसाठी विणलं आणि मी त्याचा विचका केला, हे मला आतून खात होतं. त्या गेल्यावर तर जास्तच.

आपांचा चाळिसावा दिवस उलटल्यावर परत आले ती थेट शबानाकडे गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी चाचरत विचारलं, "तो स्वेटर... कुणाला दिला का गं?"

"कुठला देणार काकू? अम्मी अंगावरून काढतच नव्हत्या. धुवायला मागितला की चिडायच्या."

तिनं तो आणून माझ्या मांडीवर ठेवला. कोपरांपाशी झिजलेला. मी दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या, तर काठाला काठ जुळला. "माझी उसवून परत विणली ना त्यांनी?" मी विचारलं.

"तुमची नाय काकू, स्वतःची. महिना लागला. टाका गळला की मला हाक, मी उचलून द्यायची. म्हटलं, अम्मी, काकूंचीच उसवा ना. तर म्हणाल्या, सुधाची राहू दे. माझे हात काड्या झालेत, आता तिचीच बसती मला."

मी त्या उजव्या बाहीकडे पाहत राहिले. इतकं घट्ट विणणं आपांना कधी जमलं नव्हतं. थरथरत्या हातांनी जमवलं होतं. तिथंच बसून मी रडले, आणि रडताना इतकं हलकं वाटत होतं की शबाना गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हीच घेऊन जा काकू," ती म्हणाली.

मी स्वेटरची नीट घडी केली आणि तिच्या हातात परत दिला. म्हटलं, "नको. हा एक तरी त्यांचाच राहू दे."