खंडेनवमीनंतरची चाचणी

दुष्काळाच्या त्या वर्षी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना कारखान्यांत प्रशिक्षणासाठी जागा मिळवून देणं आणि शेवटी तिथं जाऊन त्यांचं काम तपासणं माझ्याकडे होतं. नगर जिल्ह्यात एकच जागा मिळाली. एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात भाड्यानं आणलेलं कॉम्प्युटरचं यंत्र होतं. तिथं जामखेडकडचा एक विद्यार्थी पाठवला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. यंदा ऊसच नव्हता, म्हणून ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते. नियम असा, की विद्यार्थ्यानं आपला प्रोग्रॅम तपासनिसासमोर, म्हणजे माझ्यासमोर, प्रशिक्षणाच्याच यंत्रावर चालवून दाखवायचा. त्याशिवाय निकाल नाही.

गाळप होणार नाही हे कळल्यावर कारखान्यानं यंत्र परत करायचं ठरवलं. मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलो. यंत्र न्यायला ट्रक त्याच्या पुढच्या सकाळी येणार होता.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली होती. पूजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावत नाहीत, म्हणून ते तेव्हापासून बंद होतं. विद्यार्थ्यानं भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा लावून बटण दाबलं. पहिलं कार्ड फाटून बाहेर आलं. दुसरंही. त्यानं नवी कार्डं पाडून आणली, तीही फाटली. कार्डं आत जायच्या फटीत बॅटरी मारल्यावर पिवळे तांदूळ दिसले.

"अक्षता कोणी टाकल्या?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"मीच की सायेब," यंत्रावरचा ऑपरेटर म्हणाला. "दरसाली चरकाला टाकतो, मोटारीला टाकतो. त्यांनी कधी तक्रार केली न्हाई."

"चरक ऊस खातो, मामा. ह्याला तांदूळ पचत न्हाई," विद्यार्थी म्हणाला. तो स्वतः हसला नाही.

झाकणाला सील होतं. ते फक्त यंत्र भाड्यानं देणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या इंजिनिअरनं उघडायचं. विभागप्रमुखांनी पुण्याला ट्रंककॉल लावला. उत्तर आलं: यंत्र उद्या येतंच आहे, आता माणूस पाठवणार नाही.

ऑपरेटर पेचकस घेऊन पुढे झाला. "तोडतो सील. माझ्या नावावर घाला."

"तुझं नाव पुढच्या महिन्यात पटावर राहतंय का बघ आधी," विभागप्रमुख म्हणाले. पेचकस त्यांनी काढून घेतला.

"सर, तोंडी घ्या," विद्यार्थी मला म्हणाला. त्यानं प्रोग्रॅमची ओळ न् ओळ समजावून सांगितली. चूक नव्हती. तोंडी चाचणीची तरतूदही नव्हती. दुसरीकडे कुठं चालवता येईल का, असं त्यानं विचारलं. जिल्ह्यात दुसरं यंत्र आमच्या माहितीत नव्हतं, आणि बाहेरचं कुठलंही नियमात बसत नव्हतं.

सकाळी यंत्र ट्रकवर चढलं. विद्यार्थी हमालांशेजारी जाऊन बसला, कार्डं मांडीवर घेऊन.

"पुण्यात झाकण उघडतीलच ना सर? उघडलं की चालवतो. तुम्ही फक्त या."

मी एसटीनं मागोमाग गेलो. कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं त्याला अडवलेलं होतं. मी विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं, आत निरोप पाठवला. परवानगी नाही, असं उत्तर आलं. यंत्र गोदामात गेलं होतं.

अहवालात मी ‘चाचणी झाली नाही’ असं लिहिलं आणि त्याला तसं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुन्हा पहारेकऱ्याकडे वळला.

"अर्धाच तास लागतो, दादा. लई न्हाई. अर्धाच."