पेटीला मोरी

माझ्या बायकोनं, शांतानं, चहा ओतला. नेहमीसारखा कप भरून बशीत सांडला. मी नेहमीप्रमाणे आधी बशी संपवली. ती म्हणाली, "सांडलेलंच गोड लागतं तुम्हाला." मग मी शिवाजीनगरला वर्कशॉपवर गेलो. पुण्याचं नव्हे, इथलं, कानडी मुलखातलं. दुपारी ती गेली. हार्ट. तेव्हापासून चहा स्टीलच्या ग्लासात पितो. बशीला कामच उरलं नाही.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. घरी बसून भिंत बघण्यापेक्षा लाकूड बघितलेलं बरं, म्हणून काम सोडलं नाही. अशात केतकी आली. पुण्याहून इकडं आलेली मुलगी. जपानी लोकांची तांदळाची दारू असते, साके. ती लोकांना चाखवायची, कशी करतात, कशी पितात ते सांगायचं, हा हिचा धंदा. त्याची परीक्षासुद्धा पास झालेली.

"दारू पाजायची परीक्षा?"

"अण्णा, नापास पण होतात लोक!"

"कसे? पडून?"

तिला वाटीएवढ्या चौकोनी लाकडी पेट्या हव्या होत्या. पेटीत काचेचा ग्लास ठेवायचा आणि साके ग्लासातून पेटीत सांडेपर्यंत ओतायची. खिळा नको, गोंद नको, पॉलिश नको. साकेला वास लागतो. "सरी," मी म्हटलं, म्हणजे बरं. खाचा पाडून कोपरे एकात एक बसवले.

आता सुताराचं डोकं. ओल साचली की लाकूड कुजतं. न्हाणीला मोरी ठेवा, हे काय कुणी सांगावं लागतं? मी प्रत्येक पेटीच्या तळाला, कोपऱ्यात, बारीक भोक पाडलं. एकदम स्वच्छ काम.

प्रोग्रॅम व्हाइटफील्डच्या हॉटेलात. पेट्या घेऊन मीच गेलो. केतकीनं एकीत ओतून बघितलं. साके पेटीतून टेबलक्लॉथवर, तिथून मॅनेजरच्या बुटावर.

"अण्णा! हे भोक कशाला?"

"मोरी आहे."

"मोरी?"

"मग सांडलेलं जाणार कुठून?"

"जाऊ द्यायचं नाही ते! प्यायचं असतं!"

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, लोक येतायत. गळक्या डब्यांत देणार असाल, तर हा तुमचा इथला शेवटचा प्रोग्रॅम." केतकीचे डोळे भरले. चांगली नोकरी सोडून यात पडली होती ती.

"रडू नकोस. स्वल्प जागा दे," मी म्हटलं. पिशवीत त्याच लाकडाचे तुकडे होते, पटाशी होती. किचनमागं बसलो. एकेका भोकाला खुंटी तासली, ठोकली, सपाट कापली. लाकूड भिजलं की फुगतं, खुंटी घट्ट बसते. गोंद लागत नाही.

"मोरी बंद?" मॅनेजरनं विचारलं.

"बंद. आता तुमचा बूट सुकवा."

एक थेंब गळला नाही. केतकी लोकांना सांगत होती, "सांडलं म्हणजे चुकलं नाही. समोरच्याला कमी पडू नये म्हणून भरून ओततात. सांडलेलंही त्याचंच."

मी मागं उभा होतो. म्हटलं, यासाठी जपान कशाला? आमच्या घरी रोज होत होतं. परीक्षा न देता.

मॅनेजरनं पुढचा प्रोग्रॅमही दिला. केतकीनं मला ओतली, सांडेपर्यंत. ग्लासातली ठीक होती. पेटीतली गोड लागली.

शिकलो एवढंच. मोरी ठेवायच्या आधी विचारावं, सांडलेलं कुणाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरची बशी काढली. धूळ बसली होती, धुतली. वर कप ठेवला आणि सांडेपर्यंत चहा ओतला. आधी बशी संपवली.