साबणाची पेटी

नाकिबाए नाचाच्या ठेक्यासाठी तळव्यांनी बडवून जी लाकडी पेटी वाजवायचा ती मुळात इंग्रज सरकारच्या साबणाची. साबण कधीच विरघळला होता, आणि त्या जुलैत सरकारही त्याच वाटेला लागलं होतं. गुरुवारी पॅसिफिकातली ही गिल्बर्ट बेटं स्वतंत्र होऊन त्यांचं किरिबाती होणार आणि त्या आनंदात अख्खं गाव नाकिबाएच्या पेटीवर नाचणार, तेही शेजारच्या गावासमोर. साम्राज्य गेल्याचं सुख होतंच. पण शेजाऱ्याला हरवण्याचं सुख वेगळं.

बाप गेला तेव्हा थोरल्याला नारळाची झाडं मिळाली, धाकट्याला होडी आणि नाकिबाएला ही पेटी. लोक हळहळले. पण नाच सुरू झाला की होडीवाल्याकडे बघतो कोण?

इंग्रज अधिकारी प्रेस्टनसाहेब इथं तारावा बेटावर बरीच वर्षं राहिलेला. इथला रिवाज त्याला पक्का ठाऊक होता : कुणी तोंडावर 'बुबुती करतो' म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नाही, म्हटलं तर लाज नातवंडांपर्यंत पुरते. मागितलं की आपल्यालाही द्यावं लागेल म्हणून त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. आता निघायची वेळ आली, तसा त्याला धीर आला.

"नाकिबाएबाबा," तो चावडीत मांडी घालून म्हणाला, "बुबुती करतो. ही पेटी द्या. लंडनच्या संग्रहालयात ठेवू."

म्हाताऱ्यांच्या विड्या हातातच राहिल्या.

"न्या," नाकिबाए म्हणाला.

घरी तेरेतिआ भडकली. "सासऱ्यांची पेटी दिलीत? मलाही देऊन टाकायचं होतं!"

"तुला मागितलं नाही त्यानं."

पुतण्या तेबाऊ नव्या सरकारात सांस्कृतिक अधिकारी झाला होता. तो खूश. "बरं झालं काका! आपल्या स्वातंत्र्यात त्यांचं लाकूड कशाला?" त्यानं नारळाच्या फळ्या ठोकून अस्सल देशी पेटी केली. तिचा आवाज ओल्या चटईवर मासा आपटल्यासारखा आला. नाचणाऱ्या बायकांनी हात खाली घेतले.

बुधवारी सकाळी नाकिबाए साहेबाच्या ओसरीवर जाऊन बसला. पुस्तकं आणि कपबश्या भरलेली पाइनची मोठी पेटी तिथं तयार होती. चहा झाल्यावर त्यानं तिच्यावर तळवा मारला. साहेबाचा चेहरा उतरला.

"साहेब, बुबुती करतो. आतलं तुमचं तुम्हांला."

"अहो, शुक्रवारी माझी बोट आहे!"

"गुरुवारी आमचा नाच आहे."

साहेब नाही म्हणू शकला असता. दोन दिवसांनी त्याला लाजवायला कोण येणार होतं?  पण तो वाकून एकेक पुस्तक बाहेर काढू लागला.

गुरुवारी शेजारचं गाव आधी दमलं. तेबाऊनं पेटीवरची काळी इंग्रजी अक्षरं वाचली. "काका, हीसुद्धा त्यांचीच की!"

"होती. आता मागून घेतलीय. तुझं स्वातंत्र्य कसं आलं?"

पेटी गेल्यामुळे साहेबाच्या कपबश्या तेरेतिआच्या उसन्या चटयांत गुंडाळून बोटीवर चढल्या. पुढे त्या चटयाही लंडनच्या संग्रहालयात लागल्या म्हणतात. तेरेतिआला त्या परत हव्या होत्या.