खड्ड्याची राखण

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरच्या गटाराचं झाकण फुटलेलं होतं. त्यात माझा पाय गेला, मी तोंडावर आपटले आणि डावं मनगट मोडलं. इतकी सरळ गोष्ट. पण दवाखान्यातून घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आता या वयात जरा बघून चालायला नको का? यापुढे एकटीनं बाहेर पडायचं नाही." या वयात म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवीन पनवेलला राहायला आल्यापासून बाजार, बँक, लायब्ररी, सगळं मी एकटीनं आणि पायी करत आलेय. दोष झाकणाचा आणि शिक्षा मला.

म्हणून मी पालिकेकडे नुकसानभरपाई मागायची ठरवली. पैशांसाठी नाही, देवाशप्पथ. ही बाई खड्ड्यामुळे पडली, म्हातारी झाली म्हणून नाही, एवढं मला कुठल्यातरी सरकारी कागदावर हवं होतं. तो कागद मुलापुढे ठेवायचा आणि चपला घालून बाहेर पडायचं.

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी वकील आहे. तिनं नोटीस तयार करून दिली आणि बजावलं, "काकू, पाहणीला माणूस येईपर्यंत खड्ड्याला हात लावू देऊ नका. नुसता फोटो दाखवला तर कुठलाही असेल म्हणतात."

नोटीस द्यायला गेले. मला वाटलं होतं, माझं प्लास्टर बघून ऑफिस हादरेल. कसलं काय! बाकावर बसायला जागा नव्हती. एकाच्या गाडीच्या काचेवर झाडाची फांदी पडलेली, एकाची कंपाउंडची भिंत खोदकामात खचलेली, एकाच्या स्कूटरचं पुढचं चाक वाकलेलं. क्लार्कनं वर न बघता शिक्का मारला आणि म्हणाला, "आजी, असे रोज येतात." आम्ही बाकावरचे एकमेकांना आपापली रडगाणी ऐकवत बसलो. खोटं कशाला बोलू, गप्पा छान रंगल्या. पण परत येताना वाईट वाटत होतं. माझं पडणं इतकं किरकोळ असेल असं वाटलं नव्हतं.

मग सुरू झाली राखण. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. कोणी खड्ड्यात विटांचे तुकडे टाकायला आलं की त्याच्यावर ओरडायचं, आणि कोणी त्या बाजूनं चालत आलं की "पलीकडून जा, खड्डा आहे" म्हणून त्याच्यावरही ओरडायचं. खूण म्हणून एक कुंडी ठेवली होती, ती कोणीतरी उचलून नेली. सून म्हणाली, "आई, पालिकेनं तुम्हाला पगार द्यायला हवा." मी हसले, पण लाज वाटत होती.

आमच्या गल्लीत उरणकडची एक कोळीण मासे घेऊन येते. तिला तर मी रोज लांबूनच हाक मारायचे. एकदा ती खाली थांबून म्हणाली, "काकी, पाटी डोक्याव आसली का पायाखालचं दिसत नाय. तुमी आवाज देता म्हनून बरं हाय."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टर काढायला जायचं होतं, म्हणजे गॅलरीत मी नसणार. शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याला गाठलं आणि खड्ड्यावर नवी लादी बसवून घेतली. घरात कोणाला सांगितलं नाही.

पाहणीचा माणूस त्यानंतर आला. मुलगा त्यासाठी रजा काढून थांबला होता. त्या लादीवर उभं राहून माणसानं विचारलं, "आजी, नक्की इथंच पडलात ना?" मी सगळं सांगितलं. झाकण कसं फुटलं होतं, लादी मी का बसवून घेतली, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि 'खड्डा आढळला नाही' असं लिहिलं. त्याच्यावर तरी काय चिडायचं? खड्डा नव्हताच.

लादी बसवली त्याचं मला वाईट वाटत नाही, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. वाटतं. ती कोळीण पडली असती तर मला झोप लागली नसती हे कळतं, आणि तरीही वाटतं. अजून थोडे दिवस कळ काढायला हवी होती.

माणूस गेल्यावर मुलगा काही बोलेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. तो घराकडे वळला. रस्ता ओलांडताना त्यानं माझा दंड धरला, अगदी मायेनं, आणि म्हणाला, "चल आई, हळू." मी धरू दिला.