लुगड्याच्या गाठी
दिवाळीनंतर कारखाना उघडला तो दिवस. हजर मालक, फिटरकाका आणि मी. ओल्या राखेचा वास आला की मला तोच दिवस आठवतो. परळीजवळ आम्ही राखेच्या विटा करायचो. त्या सकाळी कॉम्प्रेसर सुरू केला की थोड्याच वेळात तापमानाचा अलार्म वाजायचा आणि मशीन बंद पडायचं. तेल पाहिलं, बरोबर होतं. पंखाही फिरत होता. राहिला मशीन थंड ठेवणारा कूलर. त्याच्या जाळीवर बांधलेलं जुनं लुगडं राखेनं पत्र्यासारखं कडक झालं होतं, आत हवाच जात नव्हती. “काका, दिसंना का तुमाला? काढा की ते फडकं!” मालक ओरडले. “फडकं न्हाई ते, मालक,” काका म्हणाले. मशीनमध्ये राख जाऊ नये म्हणून काकूंनी ते बांधलं होतं. त्या इथंच विटा उचलायच्या. दर आठवड्याला लुगडं सोडून धुवायच्या, पुन्हा बांधायच्या. पावसाळ्यात त्या गेल्या. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी कात्री पुढं केली. “नगं, मॅडम. गाठी तिच्या हातच्या हायती. माज्यानं सुटंनात.” मालक बाहेर जाऊन उभे राहिले. “मग जाळीच खोला,” मी म्हटलं. काकांनी लुगड्यासकट जाळी उतरवली, नवी बसवली. अलार्म पुन्हा वाजला नाही. आता काकाही नाहीत. जाळी गोदामात तशीच आहे, गाठींसकट. त्यांच्या लेकीकडे धारूरला ती पोचवायची राहिली आहे.