पाखरमास्तरांच्या वहीतली मांजरं

जनावरांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं कंपाउंडरकी केल्यावर बाईंच्या अंगाला औषधाचा वास कायमचा चिकटला होता. बसमध्ये शेजारचं माणूस नाक मुरडायचं आणि गल्लीतली मांजरं तर वासावरूनच ओळखून भिंतीपल्याड पसार व्हायची. दादा म्हणायचे, "तुला बघून जीव मुठीत धरून पळतात बिचारी."

दादा म्हणजे थोरले भाऊ. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, डोळे अधू झाले तसं दुकान आवरलं. वहिनी गेल्यावर दोघं भावंडं एकत्र राहायला लागली, तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीतल्या शेवटच्या घरात. घरातला तिसरा पैलवान. लालसर बोका, एक कान फाटका, मान ही एवढी जाड. दिवसभर हुंदडायचा आणि जेवायच्या वेळी ताटाशी हजर. दादा बहिणीशी दिवसाला चार वाक्यं बोलत असतील तर पैलवानाशी चाळीस.

त्या वर्षी नगरपालिकेनं नव्या नियमाचा मसुदा लावला. पाळीव मांजर घरात किंवा जाळीच्या आवारातच ठेवायचं. बाहेर सापडलं तर पिंजऱ्यात धरून दवाखान्यात आणायचं, तीन दिवसांत मालक आला नाही तर 'पुढची व्यवस्था' करायची. कारण तळ्याकाठच्या टिटव्या. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, आणि दोन वर्षांत काठावर एकही पिल्लू मोठं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

घरात लगेच जुंपली.

"मांजर म्हणजे काय कपाट आहे, भिंतीला लावून ठेवायला?" दादांनी वर्तमानपत्र आपटलं.

"गाडीखाली आलेल्या मांजराला टाके घालताना तू येतोस का पाय धरायला? मग बोल."

"म्हणजे तू त्यांच्या बाजूची!"

"मी मांजरांच्या बाजूची आहे, दादा. घरातली मांजरं पंधरा-पंधरा वर्षं जगतात. बाहेरची किती जगतात ते मी रोज बघते."

दादांनी पैलवानाला मांडीवर घेतलं आणि विषय संपवला.

त्यानंतर आठवडाभरानं दवाखान्यात पहिलं मांजर आलं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बशीएवढ्या, अंगभर थरथर. अर्ध्या तासात गेलं. डॉक्टर म्हणाल्या, उंदराचं औषध खाल्लं असेल कुठंतरी. चार दिवसांनी दुसरं. मग एकाच दिवशी दोन. शिंपीणकाकूंची पांढरी मांजर बाईंच्या हातातच गेली आणि शिंपीणकाकू दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारख्या रडल्या. सगळी मांजरं तळ्याच्याच बाजूची होती. बाईंना हे खटकलं, पण बोलणार कुणाला आणि काय?

पाखरमास्तर त्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. अर्धं गाव त्यांच्याकडूनच पेन्सिल धरायला शिकलेलं. एकटा जीव. रोज पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून तळ्यावर जायचे, घरटी मोजायचे. बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. नियम व्हावा म्हणून सह्या गोळा करायचं काम त्यांनीच उचललं होतं आणि बाईंनीही सही दिली होती.

एका सकाळी ते दवाखान्यात डोकावले. बाई बाटल्या पुसत होत्या.

"बाई, ते राखाडी मांजर आणलं का हो कुणी?"

"राखाडी? नाही बुवा."

"असं," मास्तर म्हणाले. "असू दे, असू दे." आणि चपला न वाजवता निघून गेले.

तासाभरानं बेकरीवाला धावत आला. हातात खोकं, खोक्यात राखाडी मांजर, तोंडाला फेस. "आत्ता, आत्ता मागच्या दारात सापडलं बाई!" तो ओरडत होता. बाईंचे हात सवयीनं सुई भरत होते, पण डोक्यात मास्तरांचा सकाळचा प्रश्न घोळत होता.

संध्याकाळी त्या मास्तरांच्या घरी गेल्या. सह्यांचा कागद बघायचाय, असं निमित्त केलं. घर आरशासारखं लख्ख. भिंतीवर टिटवीची चित्रं. पीस न् पीस जिवंत. मास्तर पाणी आणायला आत गेले. टेबलावर त्यांची जाड वही उघडी होती.

पानावर घरट्यांचे नकाशे होते. बाईंनी पान उलटलं, आणि पुढं मांजरं होती. एका पानावर चार, प्रत्येकाचं बारीक चित्र, मिशीसकट. खाली घर, येण्याजाण्याची वाट, भिंतीवरून उतरायची जागा, वेळ. शिंपीणकाकूंची पांढरी, तिच्याखाली लाल पेन्सिलीची सरळ रेघ. बेकरीतली राखाडी; रेघ. शेवटच्या पानावर जाड मानेचा बोका, एक कान फाटका. चित्र इतकं हुबेहूब की आता उडी मारेल. त्याच्याखाली रेघ नव्हती.

"छान आलंय ना?" मागून आवाज आला. मास्तर पाण्याचा पेला घेऊन उभे होते. "त्याच्या कानानं फार त्रास दिला. तीनदा खोडला."

बाईंनी पेला घेतला नाही. "मास्तर, हा माझ्या दादांचा बोका आहे."

"माहीत आहे की." ते खुर्चीवर बसले. "परवा यानं तीन पिल्लं नेली. अंड्यातून निघून एक दिवस झाला होता. आई वरून ओरडत होती, मी इकडून दगड मारत होतो. काही उपयोग झाला नाही."

"म्हणून तुम्ही विष..."

"मी काही म्हणालो का?" मास्तरांनी वही हळूच मिटली. "चित्रं काढतो मी. चित्रं काढायला बंदी नाही अजून." मग वाकून, दवाखान्यात आजाऱ्याची विचारपूस करावी तसं म्हणाले, "शुक्रवारी सुनावणी आहे. तुमच्या शब्दाला वजन आहे. कायदा झाला की मांजरं घरात बसतील. मग कुणालाच काही करावं लागणार नाही. होय ना?"

बाई घरी आल्या त्या धापा टाकतच. पैलवान ओट्यावर पसरला होता. त्यांनी त्याला उचलून आत टाकलं आणि दार लावून घेतलं. "काय झालं?" दादांनी विचारलं. "काही नाही. दोन दिवस बाहेर सोडू नकोस, साथ आली आहे." पहिल्यांदाच त्या भावाशी खोटं बोलल्या. पोलिसात जायचं तर हातात काय होतं? एका म्हाताऱ्या मास्तरांची सुरेख चित्रं. उद्या वहीतलं पान फाडलं की तेही नाही.

शुक्रवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. बेकरीवाला बोलला, शिंपीणकाकू बोलल्या. मास्तर पहिल्या रांगेत, हात मांडीवर. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्या माना वळल्या. त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिलेलं सांगितलं: मोडलेले पाय, चावे, रस्त्यावरून खरवडून आणलेली मांजरं, आणि गेल्या महिन्यातली फेस आलेली तोंडं. "नियम नसला की ज्याचा त्याचा नियम चालतो," त्या म्हणाल्या. "माझं म्हणणं, नियम करा."

प्रत्येक शब्द खरा होता. दोन महिन्यांपूर्वीही त्या हेच बोलल्या असत्या. पण बोलताना नजर सारखी पहिल्या रांगेकडे जात होती, आणि मास्तर विद्यार्थ्याचं पाठांतर ऐकावं तसं मान डोलवत होते. सभागृहाच्या मागच्या दारातून दादा उठून निघून गेलेले त्यांनी पाहिले.

नियम झाला. विष खाल्लेली मांजरं येणं त्याच आठवड्यात थांबलं. गल्ली ओस पडली. घराघरांतून खिडकीच्या काचेला नाक लावलेली मांजरं दिसायची. पैलवान दिवसभर दारावर पंजे मारायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचा. दादांनी बहिणीशी बोलणं टाकलं. जेवायला हाक मारायची तर भिंतीकडे बघून मारायचे.

मग नगरपालिकेनं देखरेख समिती नेमली. पिंजरे कुठे लावायचे, कुठलं मांजर मोकळं फिरतंय, कुणाचं, हे सगळं समिती ठरवणार. प्रमुख म्हणून पाखरमास्तर, एकमतानं. मांजरांची इतकी बारीक माहिती गावात दुसऱ्या कुणाला होती?

बाईंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्या नगरपालिकेत गेल्या आणि समितीत आपलंही नाव घालून आल्या. मास्तरांनी वहीत काढलेल्या मांजरांच्या पाठीशी आता कुणीतरी हवं होतं.

तेव्हापासून रोज पहाटे दोघं बरोबर निघायचे. मास्तर पुढे, बाई दोन पावलं मागे. मास्तरांनी पिंजऱ्यात आमिष म्हणून टाकलेला प्रत्येक तुकडा बाई बाहेर काढायच्या आणि आपल्या पिशवीतला घालायच्या. मास्तर तोवर पिंजरा धरून उभे राहायचे. लोक म्हणायचे, दोघांचं काय जमतंय बघा.

एका पहाटे मास्तर बाईंच्याच घरासमोर थांबले. तळ्याकडून टिटव्यांचा कलकलाट येत होता. यंदा पिल्लं वाचली होती.

"दादांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी ढिली आहे," मास्तर हळूच म्हणाले. "बोका डोक्यानं ढकलतो. आज ना उद्या उघडेल. सांगा हो त्यांना."

बाई तिथूनच मागे फिरल्या. हातोडी, खिळे आणि स्टूल घेऊन त्या खिडकीशी चढल्या. घाईत पहिला खिळा वाकडा गेला. दादा आले आणि त्यांनी स्टूल धरलं. मग बहिणीचा चेहरा पाहिला आणि महिन्यानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. "अगं, झालंय काय?"

बाईंनी स्टुलावर उभं राहूनच सगळं सांगितलं. वही, राखाडी मांजर, पाण्याचा पेला, सुनावणी. दादांनी बहिणीला हात धरून खाली उतरवलं. "आणि हे सगळं तू एकटी वागवत होतीस," एवढंच म्हणाले.

दुपारी दोघांनी डॉक्टरांच्या समोर बसून लेखी तक्रार केली. डॉक्टरांनीही सही केली. नगरपालिकेच्या कारकुनानं मास्तरांचं नाव वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "यांनी मला तिसरीत शिकवलंय," तो म्हणाला, आणि अर्ज फायलींच्या सगळ्यात खाली सरकवला. चौकशी होईल, असं कळलं. कधी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई नेहमीसारख्या निघाल्या. दादांनी आतून दाराला दोन्ही कड्या घातल्या. मास्तर कोपऱ्यावर वाट बघत उभे होते, दुर्बीण गळ्यात, हातात रिकामा पिंजरा.

"अर्ज केलात म्हणे," ते प्रेमानं म्हणाले. "चला, उशीर होतोय."

बाई आपली पिशवी सावरून दोन पावलं मागे राहून चालायला लागल्या.